बारमाही पाणी

पाण्यासाठी माणसं गाव सोडतात, हे मला नवीन नाही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला ते नवीन असायचं कारणही नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या सोलापूर जिल्ह्यातून बिऱ्हाडं पाठीवर घेऊन निघालेली माणसं मी पाहिली आहेत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा ती गाडी बघायला जाणारी माणसंही पाहिली आहेत. पण दहा हजार तळी असलेला मुलूख पाण्यासाठी सोडून जाणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझा सख्खा भाचा आहे.

नंदू आमच्या अक्काचा मुलगा. वीस वर्षं अमेरिकेत, मिनेसोटा नावाच्या प्रांतात. तिथं मोटारीच्या नंबरपाटीवरसुद्धा 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. आपण लग्नपत्रिकेवर 'श्री गजानन प्रसन्न' छापतो तसं. २०२३ साली एके दिवशी त्याचा फोन आला.

"मामा, आम्ही इथलं घर विकतोय. फ्लोरिडाला चाललो."

"का रे बाबा? नोकरी सुटली?"

"नोकरी तीच. घरूनच करतो. पाण्यासाठी चाललो."

माझ्यातला कारकून जागा झाला. "नळाला येत नाही का?"

"नळाला चोवीस तास येतं हो. तळ्याचं म्हणतोय मी. पाच महिने बर्फ, आणि उरलेल्यात दोन महिने बर्फासारखं पाणी. वर्षातले जेमतेम वीस आठवडे स्कीइंग होतं. फ्लोरिडात बारमाही."

'बारमाही' हा शब्द मी आयुष्यभर उसाच्या अर्जांवर लिहिला. तो या कारणासाठी कोणी वापरील असं वाटलं नव्हतं.

आता हे वॉटर स्कीइंग काय असतं ते सांगणं भाग आहे, कारण २०१८ च्या उन्हाळ्यात मी आणि सौ. तिथं जाऊन ते डोळ्यांनी पाहून आलो. एक मोटारबोट असते. बोटीला दोरी, दोरीच्या टोकाला दांडी आणि दांडीला भाचा. पायांत फळी. बोट सुटली की भाचा पाण्यातून वर येतो आणि फळीवर उभा राहून मागे ओढला जातो. इथवर ठीक आहे. कोणाला ओढून घ्यायची हौस असते. पण पाण्यात सहा तरंगते गोळे बांधलेले असतात, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. बोट मधून सरळ जाते आणि माणसानं मात्र प्रत्येक गोळ्याला बाहेरून वळसा घालायचा. बोटीचा वेग ताशी अठ्ठावन्न किलोमीटर. सुरुवातीच्या फाटकापासून शेवटच्या फाटकापर्यंतचं अंतर दोनशे एकोणसाठ मीटर. एक फेरी बिनचूक झाली की बक्षीस म्हणून पुढच्या फेरीला दोरी कापतात. म्हणजे आखूड करतात. ती इतकी आखूड होत जाते की शेवटी दोरी गोळ्यापर्यंत पोचतच नाही, आणि माणसानं अंग आडवं टाकून हात लांबवून वळसा पुरा करायचा. आमच्या खात्यात अगदी हाच नियम होता. काम नीट केलं की पुढच्या वर्षी माणसं कमी करायचे. फरक इतकाच, की आम्ही त्याला खेळ म्हणत नव्हतो.

नंदू ते करत होता हे मात्र खरं. पहाटे साडेपाचला, वारा सुटायच्या आधी, तळं आरशासारखं असताना. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पोट असताना. तिसऱ्या गोळ्याला तो असा काही आडवा झाला की त्याचा खांदा पाण्याला लागला आणि मागे पाण्याची भिंत उभी राहिली. सौ. ने माझा दंड धरला. मीही धरून घेतला, कारण काठावर गवत निसरडं होतं.

तर या गोष्टीसाठी घर विकायचं! मी ठरवलं, याला विरोध करायचा. अजूनही करतो आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

माझा पहिला आक्षेप पद्धतीला आहे. नंदूनं मला त्याचा तक्ता पाठवला. फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियाना, दक्षिण कॅलिफोर्निया अशी नावं डावीकडे. आणि वर रकाने: जानेवारीतलं पाण्याचं तापमान, तळ्याची लांबी, खोली, वाऱ्याची दिशा, शेजाऱ्यांच्या बोटींच्या लाटा. मी तो तक्ता चष्मा लावून दोनदा वाचला. त्यात 'माणसं' असा रकाना नव्हता. शेजारी होते, पण ते लाटांपुरते.

आम्ही घरं निवडली ती कशी? नळ किती वाजता जातो ते विचारून. शाळा जवळ की लांब, मालकाचा स्वभाव कसा, वरच्या मजल्यावर कोण कुटतं. हवामानाचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि तो सगळ्या गल्ल्यांत सारखाच जातो. उष्ण जागा निवडावी लागते हीच मुळात आम्हांला कल्पना नव्हती. उष्ण जागेनं आम्हांला निवडलेलं.

पण नंदूला एकट्याला तरी काय बोलायचं? आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या माणसांना आता हाच रोग जडला आहे. जाहिरातीत 'लेक व्ह्यू' असतं. आमच्या एका व्याह्यांनी त्यापायी लाखो रुपये जास्त मोजले. तळं दिसतं, नाही असं नाही. मोरीच्या खिडकीतून, बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की दिसतं. घराला गाव लागतं हे विसरून लोक घराला देखावा लावायला लागले आहेत. नंदूनं देखाव्याच्या जागी थर्मामीटर लावला, एवढंच.

दुसरा आक्षेप फ्लोरिडाला आहे. माझं तिथल्या लोकांशी वैर नाही. पण उष्ण जागा फुकट मिळत नसते. तिची पाणीपट्टी वेगळ्या खिडकीवर भरावी लागते. मी बसून माहिती काढली. नंदू जिथं चालला होता त्या पोक काउंटीवरून २००४ साली एका पावसाळ्यात, चार्ली, फ्रान्सेस आणि जीन अशी तीन चक्रीवादळं गेली. दीड महिन्यात तीन! त्यांचा वादळांचा मोसम एक जून ते तीस नोव्हेंबर, म्हणजे निम्मं वर्ष. उन्हाळ्यात दुपार झाली की आभाळ भरून येतं आणि विजा कोसळतात. तेव्हा पाण्यात ओल्या दोरीला लटकून राहणं सुज्ञपणाचं नाही. गोड्या पाण्यात सुसरींच्या जातीचा ॲलिगेटर नावाचा प्राणी. त्यांची संख्या सरकारच्याच अंदाजानं तेरा लाखांच्या आसपास. आणि खालची जमीन चुनखडीची. १९८१ च्या मे महिन्यात विंटर पार्क नावाच्या गावात एक खड्डा पडला आणि त्यात एक अख्खं घर, पोहण्याच्या तलावाचा तुकडा आणि दुरुस्तीला आलेल्या पाच पोर्शे मोटारी गेल्या. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात फार तर सायकल जाते.

आणि उष्ण म्हणजे तरी किती उष्ण? त्याच काउंटीत विंटर हेवनला १९३६ साली सायप्रेस गार्डन्स नावाची बाग सुरू झाली. वॉटर स्कीइंगचे खेळ दाखवून ती जगभर गाजली. या खेळाची पंढरीच म्हणा. १९४० साली तिथं अशी थंडी पडली की दारावरचा फुलांचा वेल करपला. बागेच्या मालकीणबाईंनी घेरदार झगे घातलेल्या मुली त्या वेलासमोर उभ्या केल्या, म्हणजे प्रवाशांना करपलेली पानं दिसू नयेत. पुढे त्या मुलीच बागेचं आकर्षण झाल्या, अशी तिथली प्रसिद्ध गोष्ट आहे. मी ती नंदूला पाठवली. त्यानं उत्तरादाखल हसणारा चेहरा पाठवला. हल्ली वादात हरलं की तेच करतात.

माझा तिसरा आक्षेप मात्र त्याच्याच तोंडून घेतलेला आहे. २०१८ साली त्यानं आम्हांला लेक पेपिन दाखवायला नेलं होतं. तळं कसलं, मिसिसिपी नदीच तिथं फुगून रुंद झाली आहे. काठावर लेक सिटी नावाचं लहानसं गाव. या गावात राल्फ सॅम्युएलसन नावाचा पोरगा होता. त्याच्या डोक्यात आलं, की बर्फावर फळ्या बांधून घसरता येतं, तर पाण्यावर का नाही? आधी त्यानं पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या. बुडाला. मग बर्फावरच्या खऱ्या स्कीज बांधल्या. बुडाला. मग लाकडाच्या वखारीतून आठ फूट लांब, नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या आणि आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात त्यांची टोकं उकळून वर वळवली. (आईचं काय म्हणणं पडलं याची नोंद कुठं नाही. असायला हवी होती.) भावानं बोट हाकायची आणि यानं बुडायचं, असं बरेच दिवस चाललं. शेवटी २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवून मागं रेलायचं हे त्याच्या ध्यानात आलं आणि गडी उभा राहिला. त्यानं पेटंट घेतलं नाही. १९२५ साली दुसऱ्याच एका गृहस्थानं घेतलं. सॅम्युएलसननं पुढे टर्की पक्षी पाळले. वॉटर स्कीइंगचा पहिला माणूस हाच, असं तिथल्या संघटनेनं मान्य केलं ते १९६६ साली. आमच्या खात्यातही पेन्शनचे कागद साधारण याच वेगानं सरकत.

तर माझा मुद्दा असा, की हा खेळ निघाला कुठं? जिथं तळं निम्मं वर्ष दगड होऊन पडतं तिथं. पायांना फळ्या बांधायची बुद्धी बर्फात वाढलेल्या पोरालाच होणार. तोच पोरगा फ्लोरिडात जन्मता तर पाण्यात डुंबला असता आणि संत्री खाऊन घरी गेला असता. पाणी जाणार आहे हे ठाऊक असलं की माणूस पाण्याचं काहीतरी करतो. कालव्याला मी हे चौतीस वर्षं पाहिलं. पाण्याची पाळी दहा दिवसांची असली की शेतकरी रात्री कंदील घेऊन चारीवर उभा असतो; एक थेंब वाया जाऊ देत नाही. आणि ज्याच्या विहिरीला पाणी हटत नाही, तो मोट सोडून पारावर तंबाखू मळत बसतो.

मिनेसोटात हे मी माणसांतही पाहिलं. तिथल्या तळ्याकाठी ऑक्टोबरात सगळे शेजारी मिळून लाकडी धक्के पाण्यातून काढतात, नाहीतर बर्फ ते मोडून टाकतं. एप्रिलात बर्फ कधी फुटणार यावर पैजा लागतात. मग पुन्हा सगळे मिळून धक्के पाण्यात लावायचे. नंदूच्या धक्क्याला सहा माणसं आली होती, त्यांतल्या तिघांना स्कीइंगचा गंधही नव्हता. बारमाही पाण्यात धक्का कोण काढतो? आणि नाही काढला तर शेजारी कशाला येईल?

या सगळ्याच्या जोडीला माझ्याकडे हुकमाचं पान होतं. ते म्हणजे अक्का. अठ्याहत्तर वर्षांची माझी बहीण तिथं त्याच्याकडे राहते. मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिरात तिचं बस्तान बसलेलं. तिथल्या चार बायका, दर शनिवारचं भजन, एक तेलुगू मैत्रीण जिच्याशी ती कोणत्या भाषेत बोलते ते दोघींनाच ठाऊक. मी नंदूला सुनावलं, "तुझ्या तक्त्यात तुझ्या आईचा रकाना कुठाय? या वयात तिला उपटून दुसरीकडे लावणार? तिला विचारलंस?"

तो गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो. मग पलीकडून अक्काचाच आवाज आला.

"अरे, मलाच जायचंय. बर्फात गुडघे धरतात माझे. दारातून मोटारीपर्यंत जायचं म्हणजे मला दोघं लागतात. मी तर बॅग भरून बसलेय. तू कशाला मध्ये लुडबुड करतोस?"

म्हणजे रकाना होता, आणि तो भरलेला होता. फक्त मला दाखवलेला नव्हता. भजनाचं काय, असं मी क्षीणपणे विचारलं. "फोनवर म्हणू," ती म्हणाली. पण 'फोनवर म्हणू' म्हणताना ती जरा थांबली. ते मी ऐकलं. नंदूनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मग मी गणिताकडे वळलो. नंदूचं गणित असं: गुडघे आणि कंबर आणखी दहा वर्षं साथ देतील. मिनेसोटात वर्षाचे वीस, म्हणजे दोनशे आठवडे. फ्लोरिडात पाचशे वीस. "मामा, तीनशेवीस आठवडे जास्त मिळतात मला. ते कोण सोडील?"

मी कागद घेतला. अठ्ठावन्नच्या वेगानं दोनशे एकोणसाठ मीटर जायला लागतात सोळा सेकंद. एका सकाळी दहा फेऱ्या धरल्या तर एकशेसाठ सेकंद. आठवड्यातून तीन सकाळी, तीनशेवीस आठवडे. मी खालून-वरून तपासलं. उत्तर आलं बेचाळीस तास चाळीस मिनिटं. पुरते दोन दिवसही नाहीत! "नंदू," मी म्हटलं, "दोन दिवसांसाठी घर विकलंस तू. दोन दिवसांसाठी तर आम्ही लॉजसुद्धा बुक करत नाही, कोणाकडे तरी उतरतो."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुम्ही डिसेंबरात सवाई गंधर्वला पुण्याला जायचात. समेवर येतात ते सेकंद मोजून जात होतात का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. सुचलं असतं तर हा लेख एवढा लांबला नसता.

तो गेला. पोक काउंटीत तळ्याकाठी घर घेतलं. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन नावाचं वादळ फ्लोरिडा आडवा चिरत गेलं. त्याची तीन दिवस वीज गेली आणि तळं अंगण ओलांडून पायरीपर्यंत आलं. मी फोनवर "मी सांगितलं होतं" असं म्हणालो नाही. सौ. ने तोंडावर हात ठेवला म्हणून म्हणालो नाही, पण नाही म्हणालो खरा. पाण्यात ओंडके तरंगत होते म्हणून पुढे काही आठवडे स्कीइंग बंद. नवे शेजारी झाडं तोडायला करवत घेऊन आले होते, असं मात्र त्यानं मुद्दाम सांगितलं. नोंद घेतली. धक्का नाही तर झाड. अक्का त्या तीन दिवसांत मेणबत्तीच्या उजेडात शेजारच्या म्हातारीला थालीपीठ लावायला शिकवत होती. तिथंही ती कोणत्या भाषेत बोलत होती ते ठाऊक नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. २०२५ च्या जानेवारीत, त्याच्या तिकडच्या सकाळी, मी सहज फोन केला. म्हटलं, आता ऐन थंडीत, ज्या महिन्यासाठी घर बदललं त्या महिन्यात, गडी पाण्यात असेल. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला.

"अरे, पाण्यात नाहीस?"

"आज नाही मामा. पाणी साठ आहे."

"साठ काय?"

"साठ फॅरनहाइट. म्हणजे आपले पंधरा-सोळा. थंड आहे हो."

"अरे, मिनेसोटात मे महिन्यात याहून गार पाण्यात उडी मारायचास ना तू? रबराचा डगला घालून? मला फोटो पाठवले होतेस."

"मारायचो," तो म्हणाला. "पण तेव्हा सात महिने थांबलेलो असायचो. इथं काय, परवा ऊन पडेल, तेव्हा जाईन."

मी काही बोललो नाही. बोलायला मला तोंडही नव्हतं. आमच्या गावापासून पंधरा-वीस मैलांवर उजनीचं पाणी आहे. भिगवणच्या बाजूला दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांना बघायला मुंबईची माणसं पहाटे निघून येतात. याच खात्यात जन्म गेलेला मी, ते पक्षी पाहिले एकदाच. नंदू सुट्टीवर आला होता तेव्हा, त्यानं ओढून नेलं म्हणून. कधीही जाता येतं म्हटल्यावर कोण जातो?

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "मामा, उजनीत आत्ता पाणी किती असेल?"

हा माझा विषय. मी आनंदानं म्हटलं, "यंदा चांगलं आहे. ऑगस्टातच धरण भरलं होतं."

"तसं नव्हे. किती डिग्री?"

मी म्हटलं, बघून कळवतो. त्याला आता बरेच दिवस झाले. जायचं आहे, जाऊ एकदा, पंधरा-वीस मैल तर आहे. सौ. विचारते आहे, तापाचा थर्मामीटर चालेल का म्हणून.